मूल शांत झाले

मंगळ. ३ ऑगस्ट ९९

दिवसभर प्रूफं. प्रेसच्या मालकांनी (यापुढं मा.) सकाळीच टेबलावर गठ्ठा आपटला. एका औषधाच्या कंपनीला पंचाहत्तर वर्षं झाली, त्यांची स्मरणिका. "बाई, शुद्धलेखन तेवढं बघा. मजकुरात शिरू नका." वीस वर्षं हेच ऐकते आहे. मजकुरात न शिरता शुद्धलेखन बघायचं म्हणजे भात न खाता मीठ बघायचं.

अर्धी स्मरणिका जुन्या जाहिरातींचीच. इंग्रजांच्या, संस्थानांच्या काळातल्या. कंपनीला त्यांचा फार अभिमान. केशतेल, दंतमंजन, अशक्त पुरुषांसाठी गोळ्या, 'सुशिक्षित स्त्रियांचा आवडता' साबण. सगळं टपालानं, व्ही.पी.ने घरपोच. सगळ्याला हमी, वर 'नकली मालापासून सावध'. बिचारी माणसं. गल्लीत एक वर्तमानपत्र, तेही शेजाऱ्याचं, आणि त्यात हे. छापलेलं खोटं नसतं असं वाटायचं त्यांना. अजूनही वाटतं.

पान ३१. तान्ह्या मुलांसाठी 'बाळविसावा अर्क'. विसावा म्हणे! तिरडी वाटेत खाली ठेवतात त्या जागेलाही विसावाच म्हणतात, हे त्या शहाण्याला कुणी सांगितलं नाही? खाली चौकटीत एका गिऱ्हाइकाचं पत्र:

'आपला अर्क माझे पाच महिन्यांचे मुलास दिला. तीन मात्रांनंतर मूल शांत झाले. ते पुन्हा रडले नाही. इतर आईबापांस कळावे म्हणून हे पत्र आपण अवश्य छापावे. – तुकाराम मास्तर, कागल.'

प्रेसमधल्या सुरेखानं कॉम्प्युटरवर 'मुल' टाइप केलं होतं. मी उकार दीर्घ केला आणि पान उलटलं.

घरी येताना, बावड्याच्या स्टॉपवर बसमधून उतरताना, एक पाय पायरीवर असताना डोक्यात उजेड पडला. कागलात तुकाराम मास्तर एकच. आईचे वडील. आणि आईचा एक भाऊ पाच महिन्यांचा असताना गेला, एवढं मी लहानपणापासून ऐकलेलं.

शांत झाले.

आणि मी काय केलं, तर उकार दीर्घ केला. कंडक्टर ओरडला, "उतरा की बाई!"

बुध. ४

आईला विचारलं. मेथी निवडत होती. म्हटलं, आजोबांनी कधी औषधाच्या कंपनीला पत्र लिहिलं होतं का?

हात थांबले. "लिवलंतं की. पेटीत मीच टाकलंतं." मग तिनं पत्र म्हणून दाखवलं. पाठ. एक शब्द इकडचा तिकडे नाही. चौसष्ट वर्षं झाली, ती तेव्हा नऊ वर्षांची. दोन शब्द मात्र जास्तीचे निघाले, सहीतले. आजोबांनी सही केली होती 'तुकाराम रामा कांबळे, शिक्षक'. कंपनीनं कांबळे गिळलं आणि शिक्षकाचं मास्तर केलं. पत्र चाललं, आडनाव नाही चाललं. कांबळ्यांच्या पोरानं प्यालेलं औषध कोण आपल्या पोराला पाजणार?

मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, मूल मेलं असं सरळ का नाही लिहिलं त्यांनी?

"मेलं हा शबुद बाबांच्या त्वांडात न्हवता. म्हस मेली तरी 'गेली' म्हणायचे. मास्तर हुते न्हवं."

म्हणजे हे तक्रारीचं पत्र. दुसऱ्या कुणी ते औषध पोराला पाजू नये म्हणून छापा असं म्हणणारं. आणि त्यांनी छापलं की! अवश्य छापलं. किती वर्षं छापत होते देव जाणे.

"आजोबांनी बघितलं?"

"बघितलं. चावडीत पेपर वाचून दाखवताना फुडं आलं. त्येंनीच वाचत हुते."

"मग दुसरं पत्र नाही लिहिलं?"

"लिवलं. त्ये न्हाय छापलं."

त्यानंतर आजोबांनी चावडीत पेपर वाचून दाखवणं बंद केलं, म्हणाली. मेथी अर्धी तशीच राहिली. रात्री आमटीभात.

शुक्र. ६

काल दिवसभर धुमसत होते. आज मा. एकटे बसलेले बघून त्यांच्यापुढं गेले. सरळ सांगितलं: पान ३१ वरचं पत्र माझ्या आजोबांचं आहे, ते मूल औषधानं मेलं होतं, पत्र काढा.

मा. नी चष्मा काढला. खरंच वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला लिहू. मग गाडी रुळावर आली. "पर बाई, शांत म्हंजे शांतच की. वाचणाऱ्याला काय कळतंय? आन् साठ वर्सं झाली. तेच पत्र त्यास्नी मागच्या कव्हरवर बी पायजे. आता हर्बल काढायलेत, नवी बाटली. तिच्या खोक्यावर बी हेच छापणार."

खोक्यावर!

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. सुरेखानं आतून रेडिओ मोठा केला यावरून ओळखावं.

राग फक्त कंपनीवर नाही. आजोबांवरही आहे. एवढं सोवळं मराठी कशाला? कुणी शिकवलं तुम्हाला हे? ज्यांच्यासारखं शुद्ध बोलावं म्हणून जन्मभर घासून घेतलंत, त्यांनीच तुमचं पत्र उलटं वाचलं. अडाणी माणसानं 'तुमच्या औषधानं प्वार मेलं, तुमचा मुडदा बशिवला' असं लिहिलं असतं. ते छापायची कुणाची छाती होती?

आणि माझ्यावर. वीस वर्षं मी काय करते? लोक निधनाच्या बातम्या आणतात, त्यात 'मेले' असतं. मी खोडून 'निवर्तले' करते.

शनि. ७

मा. नी घोळ घातला. कंपनीला फोन करून सांगितलं की तुकाराम मास्तरांची मुलगी हयात आहे, आमच्या प्रूफ बघणाऱ्या बाईंची आई. मूल मेलं ते सांगितलं नाही. "चांगली गोष्ट तेवढी सांगितली की." काम हातचं जाईल ही भीती. कंपनीवाले हरखले आहेत. समारंभात आईचा सत्कार करायचा म्हणतात. शाल, श्रीफळ!

मी म्हटलं, मीच कळवते त्यांना काय ते. मा. हात जोडायला लागले. थुः.

रवि. ८

सत्काराचं आईला सांगितलं, ती हसेल किंवा शिव्या देईल म्हणून. ती भात वाढत राहिली. दुपारी जेवण झाल्यावर मी आडवी झाले होते, तर उशाशी येऊन बसली. म्हणाली, "तुला एक सांगतो." (आई स्वतःबद्दल असंच बोलते, सांगतो, जातो.) जे सांगितलं ते मी अठ्ठेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी आजी शेतात भांगलायला गेली होती, आजोबा शाळेत. घरात ही आणि सिदू. सिदराम नाव होतं त्याचं, तेही मला आज कळलं. पोटात दुखून सारखा रडायचा, म्हणून आजोबांनी ती बाटली टपालानं मागवलेली. जाताना सांगून गेले, रडलाच तर एक चमचा दे.

"म्या तीन दिले."

बाटलीबरोबर कागद होता. घरात वाचता येणारी आजोबांनंतर हीच. तिनं वाचला. मूल शांत होईपर्यंत द्या, असं काहीतरी होतं. एक दिला, रडला. दुसरा दिला, रडला. तिसऱ्याला निजला. ही मैत्रिणींबरोबर सागरगोटे खेळायला गेली.

"आईला वाचाय येत न्हवतं. ती एकच देती."

आजोबांनी विचारलं किती दिलंस, हिनं तीन सांगितलं. त्यांनी पत्रात तीन लिहिलं. मरेपर्यंत हिला एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं म्हणते.

मी म्हटलं, अगं कागदावरच होतं तर तुझी काय चूक?

"त्येच म्हनतो मी. कागदावर तसं हुतं, का मला खेळाय जायचं हुतं म्हणून मी दिले, आता माझं मलाच कळंना. कागद चुलीत गेला. साठ वर्सं मी त्यो कागद मनात वाचतो. कवा तसं दिसतं, कवा न्हाय."

मला रडू आलं. तिला नाही आलं. उठून भांडी घासायला गेली.

सोम. ९

प्रेसवर सगळ्यांच्या आधी. सुरेखाला म्हटलं, पान ३१ ची मूळ जाहिरात काढ, जुन्या पेपरचा फोटो. स्क्रीनवर मोठी करत करत नेली. पत्राखाली मुंगीएवढी एक ओळ. आपण टाइप करताना ती गाळली, जागा नव्हती म्हणून.

'सेवनविधी : मूल शांत होईपर्यंत दर अर्ध्या तासाने एक चमचा.'

सुरेखा म्हणाली, "बाई, पाणी देऊ का?" म्हटलं, पाणी नको. कागदावर छापून घेतली. मोठ्या अक्षरात.

मूल शांत होईपर्यंत! किती चमचे याला सीमाच नाही. लिहिणाऱ्यानं पंख्याखाली बसून लिहिलं असणार, चहा पीत. आणि कागलातली नऊ वर्षांची पोर ते वेदवाक्य म्हणून चमचा भरत बसली. शाळेत शहाणी होती म्हणून. आमच्यात पोरगी शिकली म्हणून आजोबांनी पेढे वाटले होते.

संध्याकाळी आईपुढं कागद ठेवला. वाचून दाखवला. "पुन्यांदा वाच." वाचला. मग चष्मा मागितला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत स्वतः वाचला, शाळेत वाचतात तसा. 'होईपर्यंत'वर बोट बराच वेळ होतं.

मला वाटलं आता मोकळी होईल. म्हणाली, "म्हंजे लिवलंतं." थोड्या वेळानं, "खेळाय जायचं हुतं त्ये बी खरंच की गं."

कागदाची घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली.

बुध. ११

पान ३१ चं शेवटचं प्रूफ. सेवनविधीची ओळ घातली. मजकुरात शिरले नाही, राहिलेला मजकूर घातला. तो माझा हक्क आहे. मास्तरपुढं कांबळेही घातलं.

मा. नी ओळ ठेवली, कांबळे खोडलं. "मूळ जाहिरातीत न्हाय ते कसं घालायचं?" नियम बघा कसा आठवतो माणसाला, बरोबर वेळेवर.

रवि. १५

झेंडा बघून आले तर घरापुढं मोटार. कंपनीचा सध्याचा मालक. संस्थापकाचा नातू, पस्तिशीचा, गोरापान, गोड बोलणारा. हातात केशतेलाच्या बाटल्यांची टोपली, वर रिबीन. आमच्या दोन खोल्यांत कुठं बसावं ते त्याला कळेना.

"आजी, तुमच्या वडिलांच्या पत्रानं आमची कंपनी उभी राहिली असं आजोबा सांगायचे. महाराष्ट्रभर त्या पत्रावर औषध गेलं."

महाराष्ट्रभर.

मी तोंड उघडलं. आईनं पदराआडून माझं मनगट धरलं, असं की अजून दुखतंय. आणि त्याला म्हणाली, "येतो की पावणं. कवा हाय?"

एकोणतीसला, रविवारी सकाळी. तो खूश. कार्डावर काय नाव घालायचं विचारलं. आईनं सावकाश सांगितलं, "तुकाराम रामा कांबळे यांची मुलगी." तो लिहिता लिहिता थांबला. क्षणभरच, पण मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. मग हसून, "आपण तुकाराम मास्तरच ठेवू या ना. लोकांच्या ओळखीचं नाव आहे."

चौसष्ट वर्षांनी संस्थापकाचीच कात्री नातवाच्या हातात. आणि याला ते कळलंही नाही, याचा जास्त राग आला.

तो गेल्यावर मी भांडले. घसा बसेपर्यंत. शाल घेणार तू? त्यांच्या हातची? सिदूच्या नावानं नारळ घेणार? वेड लागलंय तुला. ते फोटो काढतील, उद्या तोच फोटो खोक्यावर येईल. लाज कशी वाटत नाही?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सत्कार झाल्यावर बोलाय माईक देत्यात न्हवं?"

मी उठले. गॅस पेटवला, चहा टाकला. दोघींनी प्यायला. तेलाची टोपली अजून दारातच आहे.

शुक्र. २०

स्मरणिका छापून आली. मागच्या कव्हरवर पत्र, सोनेरी चौकटीत. पान ३१ वर सेवनविधी आहे, बारीक, पण आहे. कुणाच्या लक्षात येणार नाही. माझ्या आलं, तेवढं पुरे. नाही, पुरे कसलं.

मा. नी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांना वास लागलाय. "बाई, म्हातारी काय बोलणार न्हाय न्हवं? तेवढं बघा. कंपनीचं वर्षाचं काम हाय आपल्याकडं." मी म्हटलं, मी फक्त शुद्धलेखन बघते.

बुध. २५

आई खात नाही नीट. दुपारी भिंतीकडं तोंड करून पुटपुटत असते. भाषण करते आहे. मी आले की गप्प होते. आज म्हटलं, लिहून देऊ का मी? चार ओळी, नीट. तर फिसकन हसली. "तुझ्या आज्यानं बी नीटच लिवलंतं."

मला लागलं. पण खरं आहे.

आता मला भीती वाटते. राग होता तो बरा होता. स्टेजवर घाबरली तर? माईक काढून घेतला तर? टाळ्या वाजवून बसवलं तर? म्हाताऱ्या माणसाचं बोलणं बंद करायला टाळ्यांसारखं काही नाही. किंवा 'शांत झालं' म्हणाली, सवयीनं, बापासारखं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या तर?

शनि. २८

मा. आपण होऊन म्हणाले, "मी उद्या येत न्हाय बघा. गावाकडं काम हाय." जाता जाता परत वळले. "रिक्षा सांगून ठेवलीया तुमच्यासाठी. म्हातारीला बसमधनं नेऊ नका." या माणसाला काय म्हणावं कळत नाही.

आई आज पोटभर जेवली.

रवि. २९, सकाळी साडेआठ

रिक्षा नऊला येणार. तोवर लिहून ठेवते, कारण नंतर काय लिहीन ते माहीत नाही.

आईनं विहारात जाताना नेसते ते पांढरं लुगडं नेसलंय. केसांना खोबरेल. (कंपनीची टोपली तिनं उघडली नाही, मोलकरणींना वाटायला सांगितली, मी म्हटलं आपल्याकडं कुठल्या मोलकरणी, तर म्हणाली मग उकिरड्यावर घाल. घातली.) ब्लाऊजमध्ये ती घडी आहे. मी बघितलं नाही, पण हात सारखा तिथं जातो आहे.

मघाशी आरशापुढून विचारलं, "मेला म्हणू का वारला म्हणू?"

वीस वर्षं मी लोकांचं मराठी नीट करते. पहिल्यांदा कुणी मला विचारलं. म्हटलं, मेला म्हण.

"लोक काय म्हंतील? येवडी पांढरपेशी बसल्याली असत्यात."

"मेला म्हण, आई."

तिनं मान हलवली. मग उभी राहिली, पदर घेतला, आणि समोरच्या कपाटाला, शाळेत धडा म्हणतात तसं, मोठ्यानं म्हणाली:

"माझं वडील तुकाराम रामा कांबळे. माझा भाऊ सिदराम. तुमच्या कागदावर लिवलंतं तसं मी दिलं, आन् त्यो मेला."

'तुमच्या कागदावर लिवलंतं तसं.' हे शब्द मी दिले नव्हते. तिनं तिचे घातले.

"बराबर हाय?" तिनं विचारलं.

म्हटलं, एका अक्षराची चूक नाही.

रिक्षा आली.